महिपती मोकलची पकड

महिपती मोकलच्या हाताची ख्याती एके काळी वडखळपासून कासूपर्यंतच्या सगळ्या खाडीकाठच्या खारेपाटात होती, आणि ती उगाच नव्हती. हुतूतूच्या मैदानात तो डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. समोरच्या संघाचा गडी दम घेऊन आत शिरला, जरा पाय लांबवला, की महिपती खाली बसून त्याचा घोटा धरायचा. धरला की धरला. मग तो गडी लोळो, लाथा झाडो, नाहीतर कुलदैवताला हाका मारो, त्याचा दम सुटेपर्यंत घोटा काही सुटायचा नाही. पेणला एका सामन्यात असाच एक गडी बाद झाल्यावर लंगडत पंचांकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, ह्याच्या हातात सांडशी आहे का ते एकदा बघून घ्या." पंच हसले. महिपतीनं ते वाक्य पुढं जन्मभर बिल्ल्यासारखं मिरवलं.

आता मैदानावरचा हात मैदानावर ठेवून घरी येता आलं असतं तर काय हवं होतं! मोकलांच्या घरात एकाही कपाला कान उरला नव्हता. दाराची कडी, छत्रीची मूठ, विहिरीवरच्या कळशीचा गळा, सगळं कधी ना कधी महिपतीच्या तावडीत सापडून जायबंदी झालेलं. पाहुण्याचा हात हातात घेऊन त्यानं "बरं हाय ना?" म्हणून विचारलं, की पाहुणा घाईघाईनं "बरं हाय, बरं हाय" म्हणत हात सोडवून घ्यायचा. लोक हसायचे, तोही हसायचा. ज्याच्यावर जीव त्याला घट्ट धरायचं, जितका जीव तितकं घट्ट, अशी त्याची साधी समजूत. ह्या समजुतीत काही खोट असेल, असं पन्नाशी आली तरी त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याची बायको सगुणा. तरुणपणी दोघंही मिठागरावर कामाला होती. तो टोपली भरून तिच्या डोक्यावर द्यायचा आणि ती बांधावरून निघायची. हातभर रुंदीचा, चिखलानं बुळबुळीत झालेला बांध, दोन्ही अंगांना खारं पाणी; आणि ही बाई डोक्यावरच्या टोपलीला हातही न लावता, मागच्या बाईशी गप्पा मारत, सरळ चालत जायची. महिपती भाळला तो त्या चालीवर. पुढं बरीचशी मिठागरं बंद पडली. महिपती रोह्याला एका केमिकल कंपनीत ड्रम हलवायच्या कामाला लागला, कासू ते रोहा गाडीनं जाऊ-येऊ लागला. सगुणा घर आणि भाताची खाचरं बघू लागली. एकुलती मुलगी उरणकडे दिली. वय वाढलं, पण सगुणाची चाल तीच राहिली. ती पाणवठ्यावरून यायला निघाली की ओट्यावर बसलेला महिपती अजून बिडी विझवून बघत बसायचा, आणि ती म्हणायची, "अवो, बगताव काय? कलशी घ्या उतरून."

मग एका वर्षी भात झोडून घरात आलं आणि सगुणाच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि उजवा पाय लुळे पडले. जीभ शाबूत राहिली हे देवाचे उपकार, कारण पुढच्या गोष्टीतलं निम्मं काम तिच्या जिभेनंच केलेलं आहे. पेणच्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि घरी सोडताना महिपतीला बाजूला घेऊन सांगितलं, "हिला रोज उभी करा, चालवा. पायात जीव यायला वाव आहे. पण आता बसवून ठेवलीत, तर मग ही बसूनच राहील."

महिपतीनं ते लगेच मनावर घेतलं. माणूस कामाला वाघ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाटेपाशी गेला, छाती भरून दम घेतला, सगुणाची दोन्ही मनगटं धरली आणि ड्रम उचलावा तशी तिला उचलली. सगुणा अशी किंचाळली की शेजारून त्याची विधवा भावजय जनी पोळपाट टाकून धावत आली. तिला वाटलं घरात साप निघाला.

"मेले गो बाय! हात तुटला माझा!"

"पडशील म्हनून धरलाय," महिपती म्हणाला.

"अवो, मी पलून चाललेय का कुठं? सोडा!"

त्यानं सोडलं, तर ती खाटेवर धप्पकन पडली. मनगटांवर संध्याकाळपर्यंत काळेनिळे वळ उठले. त्यानं खांदा धरून पाहिला, दंड धरून पाहिला, कमरेला हात घालून पाहिला. जिथं धरावं तिथं वळ. शेवटी सगुणानं फर्मानच काढलं, की ह्या माणसानं मला शिवायचं नाही. तिला उठवायचं, परसात न्यायचं, चार पावलं चालवायचं, ते सगळं जनी करू लागली. महिपती दारात उभा राहून बघायचा. एवढं मोठं बलदंड शरीर, आणि स्वतःच्याच घरात त्याला उभं राहायला जागा कुठली, ते कळेना.

तेही चाललं असतं. पण जनीचं पोट मिठागरावर होतं. पौष लागला, मिठाचा हंगाम तोंडावर आला. एकदा काम सुरू झालं की जनी तांबडं फुटायच्या आत घर सोडणार आणि ऊन उतरल्यावर येणार, ते थेट पाऊस लागेपर्यंत. ती बिचारी सगुणाला म्हणाली, "भावोजीस्नी धरू दे गो जरा." सगुणा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी बसून रायन, पन त्या हातात जानार नाय." म्हणजे काय व्हायचं ते उघड होतं. जनी गेली की सगुणा बसणार, आणि बसली की बसलीच.

महिपतीच्या कंपनीत बॉयलरवर हैबतराव म्हणून एक गृहस्थ होते. गाव निडी. घरची भाताची आणि वालाची शेती, पण तरुणपणी बोटीवर इंजिनात तेल घालायच्या कामाला जाऊन अर्धी दुनिया बघून आलेले. अंगानं वाळक्या शेंगेसारखे. जेवणाच्या सुट्टीत सगळे पत्ते कुटायचे, तेव्हा हे गृहस्थ बॉयलरच्या मागं भिंतीकडे तोंड करून, गुडघे किंचित वाकवून, दोन्ही हातांनी न दिसणारं पिंप कवटाळल्यासारखे उभे राहायचे. मग संथपणे हात हलवायचे, हवेतली जळमटं काढल्यासारखे. कंपनीत त्याला सगळे चिनी कबड्डी म्हणायचे, आणि हे नाव ठेवणारा दुसरातिसरा कुणी नसून महिपतीच होता.

आता गरज पडल्यावर तोच महिपती डबा बाजूला ठेवून त्यांच्यामागं जाऊन उभा राहिला.

"हैबतराव, तुमच्या ह्या इद्येत लुल्या पायावर काय उपाय हाय का?"

हैबतरावांनी हात खाली घेतले. "नाय," ते म्हणाले. "त्याला डॉक्टर हाय. मी काय वैद्य नाय."

"मंग हे करून काय व्हतं?"

हैबतराव भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी सांगितलं. त्यांची बोट तैवानच्या एका बंदरात दुरुस्तीला लागली होती, कितीतरी महिने. बंदराजवळच्या बागेत एक बोळका म्हातारा रोज सकाळी हे करायचा. त्याला ह्यांची भाषा येत नव्हती, ह्यांना त्याची. तो हातानं सांगायचा. बाकीचं बोटीवरच्या चिनी आचाऱ्यानं मोडक्या हिंदीत समजावलं. अंगात जो जीव खेळतो त्याला ते ची म्हणतात, त्याचं घर बेंबीच्या खाली. आणि ताओ म्हणजे वाट. पाणी जसं आपली वाट काढतं तसं माणसानं जावं, जोर लावू नये. "एवढंच मला कळलंय," हैबतराव म्हणाले. "अर्धं शिकलोय, पाव विसरलोय. तुम्हाला विचारायचंय काय, ते सरळ विचारा."

महिपतीनं सगळं सांगितलं. मनगटावरचे वळ, भिंतीकडे फिरवलेलं तोंड, जनीचं मिठागर. हैबतरावांनी त्याचे हात उलटेसुलटे करून बघितले, बाजारात बैलाचे खूर बघतात तसे.

"बाईच्या पायाचं मला काय कळत नाय," ते म्हणाले. "ह्या हातांचं मात्र काहीतरी करता येईल. सुट्टीच्या दिवशी निडीला या."

सुट्टीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं महिपती निडीला उतरला. हैबतरावांच्या घरामागं शेणानं सारवलेलं खळं होतं, कडेला पेंढ्याची उडवी. तिथंच शाळा. आधी दोन-तीन कंपनीवाले शिकायला येऊन गेले होते. नुसतं उभं राहायचं म्हटल्यावर कंटाळून पळाले होते. आता शिष्य हा एकटाच.

"हात द्या," हैबतराव म्हणाले. त्यांनी आपलं मनगट महिपतीच्या मनगटाला बाहेरून नुसतं टेकवलं. "आता मला हलवा बघू."

हलवा म्हटल्यावर महिपतीच्या अंगातला डावा कोपरा जागा झाला. त्यानं छातीत दम भरला, ओठांतल्या ओठांत हुतूतूतू सुरू केलं, आणि हैबतराव काही म्हणायच्या आत खाली बसून त्यांचा घोटा धरून ओढला. अर्धी दुनिया फिरलेले हैबतराव शेणाच्या खळ्यावर उताणे. ओसरीवर वाल सोलत बसलेली त्यांची बायको मैना तोंडाला पदर लावून हसली. महिपतीला वाटलं, जिंकलो.

"पकड चांगली हाय," हैबतराव पडल्या पडल्या म्हणाले. "पण मोकल, मी पळत होतो कुठं?"

महिपतीचं हसू तिथंच थिजलं. हेच सगुणा म्हणाली होती. तिची किंकाळी त्यानं ऐकली होती, पण तिचा प्रश्न आज ऐकला. त्यानं घोटा सोडला आणि हैबतरावांना उठवायला हात पुढं केला. हैबतराव म्हणाले, "राहू द्या, माझा मी उठतो," आणि चटकन उठले.

त्या दिवसापासून खरं शिक्षण सुरू झालं आणि महिपतीची फजिती पण. पहिला धडा नुसता उभं राहण्याचा. गुडघे सैल, खांदे सैल, हात पोटापुढं गोल. जन्मभर ड्रम उचलणारा हा गडी, पण थोड्या वेळात मांड्या लटलटू लागल्या आणि तोंड लालबुंद झालं. हैबतरावांनी जवळ येऊन नाकाशी बोट धरलं. वाराच नाही!

"दम सोडा! अहो, दम सोडा, मराल!"

"सुटू नाय देनार," महिपती दातओठ खात म्हणाला.

त्यात त्याचाही काय दोष म्हणा. ज्याला चालता येऊ लागल्यापासून मैदानात एकच शिकवलं, की दम सुटला की गडी मेला, तो दम सोडेल कसा? कुठलंही अवघड काम आलं की तो आधी छाती भरून कुलूप लावायचा. ड्रम उचलताना लावायचा, मुलीला सासरी पाठवताना लावलं होतं, आणि सगुणाला उठवतानाही लावलं होतं. हैबतराव म्हणाले, "इथं कुणी बाद होत नाय, मोकल. येतो तसा जाऊ द्या. आवळलेल्या छातीखाली हात पण आवळलेलेच राहणार." महिपतीनं मान डोलावली आणि पुन्हा दम कोंडला.

मनगटाला मनगट लावून ढकलण्याच्या धड्यात तर त्याहून कठीण. पडताना हैबतरावांची कंबर लचकली होती, ते मागाहून कळलं; घोट्याची करामत भोवलेली. मग त्यांनी मैनाला उभी केली. महिपती संकोचानं मागं सरला. परक्याच्या बायकोला ढकलायचं कसं? मैनावहिनी म्हणाल्या, "या भावजी, मी काय मोडायची नाय." त्यानं जपून ढकललं. वहिनींचा हात मागं गेला. त्यानं आणखी जोर लावला. हात आणखी मागं गेला, मग कुठं गेला ते कळलंच नाही, आणि वाघ तोंडावर पेंढ्यात. पेंढा झाडत उठला, पुन्हा तेच. दुपारपर्यंत पेंढ्याची उडवी निम्मी विस्कटली.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही माझा हात धरायलाच बघताय. त्याला जायचंय कुठं ते विचारत नाय. नुसता टेकवा, म्हणजे तो सांगेल."

हात सांगतो, हे महिपतीला नवीनच होतं. पण मिठागरावरचा माणूस. पाय ठेवल्यावर चिखल कुठं खचणार हे पायाला कळतं, एवढं त्याला ठाऊक होतं. मग हाताला का कळू नये? घरी येऊन तो अंगणात पारिजातकाच्या फांदीला मनगट टेकवून उभा राहू लागला. वाऱ्यानं फांदी हलली की हा हलायचा. गावातल्यांना आयतीच करमणूक. "महिपतीनं झाडाशी लगीन लावलंय," म्हणून एक जण ओरडला. पूर्वी महिपतीनं त्याची मानगूट धरली असती. आता त्यानं मान नुसती वळवली, पण दम मात्र कोंडलाच.

सगुणा खाटेवरून खिडकीतून हे सगळं बघायची.

मग माघात जनी मिठागरावर गेली. पहिल्याच दिवशी सगुणाला न्हाणीत जायचं होतं. भिंतीला धरून ती स्वतःच उठली, दोन पावलं गेली आणि कलंडली. महिपती दारातच होता. त्याला हैबतराव आठवले नाहीत, वहिनी आठवल्या नाहीत, पारिजातक तर नाहीच. त्यानं झेप घेतली आणि तिचा डावा हात धरला. पडली नाही. पण चांगल्या हातावर पाच बोटं उठली, जांभळी.

सगुणा ह्या खेपेला ओरडली नाही, तेच वाईट. ती हळू आवाजात म्हणाली, "एक हात देवानं नेला. यो रायलाय, तो तुमी मोडा." आणि रडू लागली.

पुढच्या सुट्टीला महिपती निडीला गेला नाही. त्याच्या पुढच्यालाही गेला नाही. कंपनीत हैबतराव दिसले तर तोंड चुकवू लागला. आपला हात म्हणजे सांडशीच, सांडशीला कोण शिकवणार, असं त्यानं मनाशी धरलं. आणि धरलेलं सोडायची सवय त्याला नव्हतीच. दुपारची शिफ्ट मागून घेतली, सकाळी सगुणापुढं भाकरी ठेवायची आणि अंगणात बसून राहायचं. ती आत बसलेली, हा बाहेर. तिचा पाय दिवसेंदिवस काठीसारखा होत चाललेला.

एका सकाळी अंगणात टोपली घेऊन मैनावहिनी उभ्या. आतल्या गावांतल्या बाया हंगामात वाल घेऊन खारेपाटात येतात, सुकट आणि मीठ घेऊन जातात, त्यात नवीन काही नाही. पण वहिनी थेट घरात शिरल्या, टोपली उतरवली, सगुणाच्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "सगुणाताई, तुमचा नवरा माझ्या पेंढ्यात किती वेळा पडलाय, म्हाईत हाय का?"

सगुणानं दारातल्या महिपतीकडे बघितलं. "पडलाय? यो?"

"पडलाय म्हंजे! उडवीच मोडली. मी पाडलाय."

"तुमी?" सगुणा वहिनींच्या काडीसारख्या हातांकडे बघत राहिली. कितीतरी दिवसांनी तिचे डोळे चमकले. "कसा वो?"

"दाखवते. भावजी, या, बसा खाली."

महिपती येईना. वहिनींनी डोळे वटारले तेव्हा येऊन खाटेसमोर उकिडवा बसला. वहिनींनी सगुणाचा डावा हात उचलून त्याच्या मनगटावर नुसता टेकवला. "आता तुम्ही ढकलायचं ताई. भावजी, तुम्ही ढकलायचं नाय, धरायचं नाय. ताईंचा हात जाईल तिकडं जायचं. एवढंच."

इतके महिने सगुणा म्हणजे उचलायची, सरकवायची, निजवायची वस्तू झाली होती. कुणी तिला म्हटलं नव्हतं की आता तू ढकल. तिनं हळूच ढकललं. महिपतीचा हात मागं गेला. तिनं जरा जोर केला. महिपतीनं सवयीनं दम कोंडला, अंग ताठ झालं. सगुणानं तेवढ्यात हात बाजूला घेऊन एक हिसका दिला आणि वडखळ ते कासू ख्यातीचा तो डाव्या कोपऱ्याचा गडी पाय वर करून वालाच्या टोपलीत पडला.

सगुणा हसली. आधी तोंड दाबून, मग अशी की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वाल घरभर पांगले. महिपती टोपलीत तसाच बसून तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याला हसू आलं, आणि हसण्याबरोबर छातीत कोंडलेला दम भस्सकन बाहेर पडला.

"हां!" वहिनी म्हणाल्या. "आता बरोबर सुटला."

त्यानंतर रोज सकाळी हा खेळ. ती ढकलायची, तो जायचा. आधी डाव्या हातानं. मग लुळा उजवा हात त्याच्या मनगटावर ठेवून. तो हात ढकलायचा म्हणजे पारिजातकाचं पान पडल्याइतका. पण महिपतीचं मनगट आता तेवढंही ऐकायला शिकलं होतं. कधी ती उगीच चिडून ढकलायची, मागचे वळ आठवून. तेही तो घ्यायचा, आणि मनातल्या मनात म्हणायचा, ढकल गो, तुझा हक्क हाय. एक दिवस खाली रेटता रेटता तिचं सगळं वजन त्याच्या हातावर आलं, आणि ती खाटेवरून उठून उभी राहिली. कुणी उठवली नाही. तिला स्वतःलाच ते नंतर कळलं. उभी राहून घाबरली आणि म्हणाली, "धरू नका हां!"

"नाय धरत."

"पन जाव पन नका."

"नाय जात."

बास. हेच दोन शब्द धरून ते दोघं चालायला लागले. तिचा हात वर, त्याचा खाली, मध्ये नुसतं टेकणं. खाटेपासून उंबरठा, उंबरठ्यापासून ओटा. महिपती सुट्टीला पुन्हा निडीला जाऊ लागला. उभं राहताना अजून त्याच्या मांड्या लटलटायच्या, अजून वहिनी त्याला पेंढ्यात घालायच्या. हैबतराव म्हणाले, "तुम्ही अजून नवशिकेच आहात, मोकल." महिपती म्हणाला, "आसू द्या."

चैत्रात गावदेवीची जत्रा आली. जत्रेत सामने, हे पिढ्यानपिढ्याचं. खाडीच्या बांधाखाली, कापणी झालेल्या खाचरात मैदान आखलेलं, फक्कीच्या पांढऱ्या रेघा. आता नाव कबड्डी झालं होतं, पण म्हातारे अजून हुतूतूच म्हणत. सगुणानं सकाळीच सांगितलं, "मी येनार. चालत."

महिपतीनं बांधाकडे बघितलं. अंगण वेगळं आणि बांध वेगळा. तो म्हणाला, "खुर्चीवर बसवून नेतो गो. चार जन उचलतील."

"मी काय पालखी हाय? ज्या बांधावरनं मीठ वायलंय त्या बांधावरनं जाईन. नायतर जानारच नाय."

आणि निघाली. अंगावर लग्नाच्या वेळचं नव्हे, पण ठेवणीतलं लुगडं, डाव्या हातात काठी, उजवा हात महिपतीच्या मनगटावर टेकलेला. जनी मागून चालत होती, मनातल्या मनात देवीला नवस बोलत. बांध सरळ होता तोवर ठीक चाललं. पावलं छोटी, उजवा पाय ओढत; पण मान ताठ, डोक्यावर टोपली असल्यासारखी. खाली मैदानावर सगळं गाव जमलेलं. गडी अंगाला माती चोळत होते. कुणीतरी वर बघितलं, मग सगळ्यांनीच बघितलं.

बांधावरून खाचरात उतरायला उतार होता. तिथं सगुणाचा उजवा गुडघा दुमडला.

काठी सुटली. खालून सगळं गाव एका आवाजात ओरडलं, "धर! महिपती, धर!"

हीच आरोळी ऐकून हा माणूस लहानाचा मोठा झाला होता. ही आरोळी कानावर पडली आणि त्यानं धरलं नाही, असं आजवर घडलं नव्हतं. त्याची बोटं उघडली, छाती फुगली. आणि तेवढ्यात त्याला आपल्या मनगटावर तिचा हात कळला. तो हात पळत नव्हता. तो खाली जात होता, आणि जाताना त्याला विचारत होता की बाबा, खाली कुणी हाय का?

महिपतीनं छातीतला वारा सोडला, गुडघे वाकवले आणि तिच्या हाताबरोबर खाली गेला. धरलं नाही. नुसता हाताखाली हात राहिला. ती गेली तितका तो गेला, पार मातीला टेकेपर्यंत. आणि मग त्याच्या हातावर तिचं वजन येऊन थांबलं. सगुणानं मोकळा झालेला डावा हातही त्याच्या मनगटावर ठेवला, ओठ आवळले. रेटलं. हळूहळू, त्याच्या मनगटावर भार देत, ती वर आली. तिच्याबरोबर तोही वर आला.

जनीनं काठी आणून दिली. उतार संपला. समोर मैदानाभोवतीची फक्कीची बाहेरची रेघ आणि तिच्या आत, कडेला, म्हाताऱ्या माणसांसाठी टाकलेला बाक. सगुणा थांबली, नवऱ्याकडे बघितलं, आणि आपला हात त्याच्या मनगटावरून उचलला. काठी टेकत, पाय ओढत, एकटी चालत गेली, रेघ ओलांडली आणि बाकावर बसली. मग गावानं जो गलका केला तो कुठल्याही पकडीला झाला नव्हता.

महिपती मागून आला, तिच्या पायाशी मातीत बसला.

"जल्मात पयल्यांदा गडी सुटला तुमच्या हातून," सगुणा म्हणाली.

"सुटला गो," तो म्हणाला. गावासमोर रडायचं नाही म्हणून त्यानं जुन्या सवयीनं छाती भरून घेतली आणि तोंड लाल केलं.

सगुणानं आपला लुळा हात त्याच्या खांद्यावर टेकवला. "रडायचं तर रडा," ती म्हणाली, "पन दम रोखून रडू नका."

फक्कीच्या रेघेच्या आत, सगळ्या गावादेखत, महिपती मोकलनं दम सोडला.